हळवं

देवळासमोर, शेणानं सारवलेल्या अंगणात
आम्ही पाणलोटाचा नकाशा मांडायला बसलो.
माझ्या पिशवीत बेळगावहून आणलेला फॉर्म,
अर्धा कन्नडमध्ये, अर्धा इंग्रजीत.
गाव मराठी. शिवनगौडा सोडून,
तो वॉटरमन, हुबळीकडचा,
चावीचा जुडगा कमरेला लावून खांबाशी उभा.

नदी रांगोळीची झाली, डोंगर कोंड्याचा.
शेतं आधी तांदळाची मांडली,
चिमण्या उतरल्या, मग खड्यांची.
विहिरी म्हणजे सोड्याच्या बाटल्यांची बुचं:
पाणी असेल ती उताणी, आटते ती उपडी.

ओमाणी गुडघ्यांवर सरकत
महिन्यामागून महिना बुचं उपडी करत गेला.
देवळामागच्या विहिरीपाशी थांबला.
"पाच पायऱ्या उघड्या पडल्या की आम्ही उन्हाळा म्हणायचो.
आता पोरं बावीस मोजालेत."
शिवनगौडानं वाकून आणखी एक बूच पालथं घातलं,
"ईग नीरु इल्ल री,"
आणि ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.
नकाशावर एकही अक्षर नव्हतं,
त्यामुळे पाटी कुठल्या भाषेत लावायची
हा वाद त्या सकाळी आमच्याकडे फिरकलाच नाही.

प्रश्न सातवा: आपले गाव किती असुरक्षित आहे?
एक ते पाच यांपैकी आकडा लिहा.
भरमा म्हणाला, "चोऱ्या होत नाहीत हितं."
गाव हसलं. मी शब्द बदलत गेले.
धोक्यात. नाजूक. दुबळं.
दुबळं म्हटल्यावर खालच्या आळीची माणसं
एकदम गप्प झाली, जणू मी घरात शिरून
त्यांच्या डब्यांची झाकणं उघडली.

नागव्वा भिंतीशी वाल सोलत होती.
"हळवं म्हण की गं," ती म्हणाली, मान वर न करता.
"हळवं भात असतंय तसं.
माळावरचं, घाईनं पोटरीला येतंय,
आणि चार दिवस ढग चुकला की निस्ता पोल.
गरवं ते खाली, पाण्यात पाय सोडून बसल्यालं,
त्याला कशाची घाई?"

मग अंगण बोलायला लागलं.
हे हळवं. हे गरवं.
हे गरवं होतं, पाच-सहा सालांत हळवं झालं.
ओढ्याच्या वळणावरची तीन घरं हळवी.
सुनंदानं स्वतः उठून
आपल्या घरावर एक खडा ठेवला.
नवरा गोव्यात, कामावर. कुणी काही विचारलं नाही.

डोंगर तेवढा कोरा होता.
वर काय आहे?
"वर काय न्हाई. रान. गवे."

सगुबाई येडगे दुधाची किटली घेऊन आली होती,
गवळ्यांच्या वाड्यावरून, दोन तास उतरून.
तिला कुणी बोलावलं नव्हतं. मीही नाही.
तिनं किटली ठेवली, काष्टा आवळला,
विहिरी चुकवत नकाशात शिरली
आणि कोंड्यात सात ठिकाणी बोट खुपसलं.
हे म्हशींचं. हे आमचं. हे दोन बाळंतिणींचं.
हा झरा गेला, त्याचं नाव आम्ही घेत नाही.
हा गेला त्याच्या दुसऱ्या साली
तुमची देवळामागची तळाला लागली.
आणि हा आता करवंदीच्या दिवसांत बंद होतोय,
बोट खाली ओघळत आलं, एका बुचाशी टेकलं.

ते बूच ओमाणीच्या विहिरीचं.
ओमाणीनं ते उचललं.
उपडं घातलं नाही, उताणंही नाही,
बराच वेळ तळहातावर धरून
कडेवर उभं केलं.

सातव्या चौकटीत मी आकडा लिहिला नाही.
देवनागरीत तीन अक्षरं लिहिली.
ऑफिसात विचारतील, विचारोत.

चहा आला. फोनला रेंज शोधत
मी पारावर चढले, फोटो पाठवायचा होता,
अजून काढलाच नव्हता.
तोवर नागव्वाच्या कोंबड्या आल्या
आणि त्यांनी सगळ्यात आधी
डोंगर खाल्ला.